पाऊलखूण आणि धग : वऱ्हाडी साहित्यातील काटकसरीच्या अर्थनिर्णयनाचा प्रश्न

पर्यावरणविषयक चर्चाविश्वातून मराठीत उतरलेल्या संज्ञांपैकी 'कार्बन फूटप्रिंट' ही संज्ञा पुरेशी रुळली आहे. तिची तपासणी मात्र फारशी झालेली नाही. वृत्तपत्रे ती कधी देवनागरीत जशीच्या तशी लिहितात, कधी 'कार्बन पदचिन्ह' करतात, कधी 'कार्बन पाऊलखूण'. प्रत्येकाने आपापल्या दैनंदिन जीवनात ही पाऊलखूण लहान करावी, असे आवाहन शालेय निबंधापासून विद्यापीठीय परिसंवादापर्यंत सर्वत्र ऐकू येते. हे आवाहन विज्ञानाच्या भाषेत केले जात असले तरी त्याच्या मुळाशी एक रूपक आहे, आणि रूपकाची चिकित्सा हे समीक्षेचे काम आहे. एका भाषेत घडलेले रूपक दुसऱ्या भाषेत जाते तेव्हा त्या भाषेतील आधीच्या संकेतांशी त्याचा संघर्ष होतो. हा संघर्ष वऱ्हाडच्या, म्हणजे अकोला-अमरावतीकडच्या, साहित्यव्यवहारात फार स्पष्टपणे पाहता येतो. हा प्रदेश मराठी गद्याच्या आरंभाशी जोडलेला आहे, अभावाचे चित्रण करणारी महत्त्वाची कादंबरी त्याने दिली आहे, आणि आज तो उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपलीकडच्या तापमानात होरपळतो.

रूपकाचा इतिहास थोडक्यात असा. १९९०च्या दशकात विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनेगल यांनी 'पर्यावरणीय पाऊलखूण' ही कल्पना मांडली; तिच्यावरील त्यांचे पुस्तक १९९६ साली आले. एखाद्या समाजाला जगण्यासाठी पृथ्वीचा किती पृष्ठभाग लागतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यामुळे 'पाऊल' हे रूपक तेथे सार्थ होते, कारण पाऊल जमीन व्यापते. पुढे हीच प्रतिमा कर्बवायूला चिकटवण्यात आली तेव्हा मोजमाप क्षेत्रफळाचे न राहता वजनाचे झाले, एकर-हेक्टर गेले आणि किलो-टन आले. पाऊल मात्र तसेच राहिले. जे वजनात मोजायचे त्याला पाऊलखूण म्हणणे हे रूपक मृत झाल्याचे लक्षण होय. या मृत रूपकाला लोकप्रियता मिळवून देण्यात मोठा वाटा ब्रिटिश पेट्रोलियम या तेलकंपनीचा आहे. २००० नंतरच्या दशकाच्या मध्यास या कंपनीने जाहिरातमोहीम चालवली आणि स्वतःची पाऊलखूण मोजण्याचे गणनसाधन सामान्य माणसाच्या हाती दिले. जमिनीतून तेल उपसणारा वाक्यातून बाहेर गेला आणि तेल जाळणारा वाक्याचा कर्ता झाला. व्याकरणातील हा बदल साधा नाही. कर्ता बदलला की अपराधाची दिशा बदलते. पुराणकथांच्या अभ्यासकांना ही युक्ती नवी वाटणार नाही.

चिन्हमीमांसेच्या अंगाने पाहिल्यास अडचण अधिक गंभीर दिसते. पर्स याने चिन्हांचे जे त्रिविध वर्गीकरण केले त्यात वाळूतील पाऊलखूण हे निर्देशक चिन्हाचे ठळक उदाहरण ठरते. ज्याने पाऊल टाकले त्याच्याशी त्या खुणेचा कार्यकारणसंबंध असतो, आणि म्हणूनच ती खूण पुरावा ठरते. कर्बवायूची गोष्ट वेगळी आहे. चुलीतून, गाडीतून अथवा विद्युत्केंद्राच्या धुराड्यातून बाहेर पडलेला वायू वातावरणात मिसळून जातो. त्याच्या रेणूवर कोणाचाही ठसा नसतो. एखाद्या कुटुंबाची पाऊलखूण अमुक टन आहे असे म्हटले जाते तेव्हा प्रत्यक्षात कोणीतरी हिशेबाचे नियम ठरवून तेवढा भाग त्या कुटुंबाच्या नावे मांडलेला असतो. अर्थात ही निर्देशक खूण नसून ती खतावणीतील नोंद आहे. रूपक मात्र तिला पुराव्याची निश्चिती बहाल करते. हिशेब करणे निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. हिशेबाचे नियम कोण ठरवतो हे या रूपकाने झाकले जाते, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

आता हे रूपक वऱ्हाडात कोणत्या संकेतव्यूहात येऊन पडते ते पाहावे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे महास्थान. गोविंदप्रभूंचे वास्तव्य तेथले, आणि चक्रधरांच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले तेही या परिसराच्या आश्रयाने. या संप्रदायाने केवळ वचने जपली नाहीत, पावलेही जपली. चक्रधर कोठे बसले, कोठे निजले, कोणत्या गावी कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूस थांबले, याची नोंद करणारी 'स्थानपोथी' हा मराठीतील एक विलक्षण ग्रंथ आहे. जेथे पाऊल उमटले ते स्थान 'चरणांकित' होऊन वंद्य ठरते. म्हणजे पाऊलखूण हा येथे दोष नाही, पुसून टाकण्याची गोष्ट तर नाहीच. ती सांभाळून ठेवण्याची, तेथवर चालत जाऊन नमस्कार करण्याची गोष्ट आहे. भाद्रपदात विदर्भातील घरोघरी महालक्ष्म्या येतात तेव्हा उंबऱ्यापासून आतपर्यंत कुंकवाची किंवा रांगोळीची पावले काढली जातात; पाऊल हे तेथे आगमनाचे, समृद्धीचे चिन्ह आहे. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने खांद्यावर घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वरापर्यंत पायी येणाऱ्यांच्या बाबतीतही पाऊल हेच व्रताचे साधन असते. अशा भाषेत 'आपली पाऊलखूण कमी करा' हे वाक्य ऐकणाऱ्याच्या कानाला काहीसे अशुभ वाटते. अनुवाद शब्दशः अचूक आहे आणि सांस्कृतिक मूल्य मात्र नेमके उलटे झाले आहे.

'कार्बन' या शब्दाचीही तीच गत. त्यासाठी मराठीत 'कर्ब' हा शब्द आहे आणि वऱ्हाडातील शेतकऱ्याला तो माती परीक्षणाच्या अहवालातून माहीत आहे. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढवावा, पालापाचोळा व पिकांचे अवशेष जाळू नयेत, कुजवावेत, हा कृषिविस्ताराचा नित्याचा पाठ आहे. शेतकऱ्याच्या शब्दकोशात कर्ब म्हणजे जमिनीचा कस. तो कमी झाला तर काळजी करायची. विठ्ठल वाघ यांच्या 'काया मातीत मातीत' या संग्रहाच्या नावातला 'काया' हा शब्द या संदर्भात आठवावा. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो म्हणून तो 'काळ्या', आणि प्रमाण मराठीच्या कानाला तोच शब्द 'देह' असाही ऐकू येतो. माती आणि देह यांचे हे एकत्र येणे बोलीच्या उच्चारप्रक्रियेने घडवले आहे. थोडक्यात, संयुक्त संज्ञेतील दोन्ही घटक, कर्ब आणि पाऊल, या प्रदेशात शुभवाचक आहेत. दोन शुभ शब्दांच्या संयोगातून निंदाव्यंजक संज्ञा तयार झाली, आणि ती वापरणाऱ्यांना त्याची जाणीवही नाही. ही अडचण केवळ परिभाषेची नव्हे. ज्या उपदेशाची संज्ञाच श्रोत्याच्या भाषिक अनुभवात रुजत नाही, तो उपदेश घोषणेच्या पातळीवर राहतो.

उपदेशाचा उल्लेख झाला म्हणून त्याच्या रूपबंधाकडे वळणे आवश्यक ठरते. पाऊलखूण लहान करण्याविषयीचे लेखन आज्ञार्थी क्रियापदांच्या यादीचे असते. दिवे मालवा, सायकल वापरा, कापडी पिशवी न्या, अन्न टाकू नका. अशा याद्या मराठीला अपरिचित नाहीत. आन्हिकाच्या पोथ्यांपासून 'दासबोधा'पर्यंत दैनंदिन आचाराचे नियमन करणारी मोठी परंपरा आपल्याकडे आहे. वऱ्हाडातील तिचा आधुनिक आविष्कार म्हणजे तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' (१९५५). एक्केचाळीस अध्याय आणि चार हजार सहाशे पंचाहत्तर ओव्यांचा हा ग्रंथ साहित्यगुणांच्या निकषावर अनेकदा उपेक्षिला गेला. त्यात पुनरुक्ती आहे, ओवीचा पोत अनेक ठिकाणी सपाट आहे, हे मान्य करावेच लागेल. परंतु या ग्रंथाच्या संबोधनाची रचना लक्षणीय आहे. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, ग्रामनिर्माणकला, गोवंशसुधार, श्रमसंपत्ति ही त्याची प्रकरणे पाहिली तरी लक्षात येते की आचाराचे एकक येथे व्यक्ती नसून गाव आहे. घर कसे असावे, उकिरडा कोठे असावा, शेणाचे काय करावे, हे प्रश्न एकेका गृहस्थाच्या सदसद्विवेकावर सोडलेले नाहीत. ते गावाच्या सामायिक व्यवस्थेचे प्रश्न म्हणून मांडलेले आहेत. व्यक्तीला उपदेश आहे, पण तो ती गावाचा घटक आहे म्हणून. आजच्या गणनसाधनाचा श्रोता याउलट एकटा असतो. तो आपल्या खोलीत बसून आपली वीज, आपला प्रवास, आपले जेवण मोजतो. गाव नावाची वस्तू त्याच्या प्रश्नावलीत नाही. या फरकाला संवेदनशीलतेचा फरक म्हणण्यापेक्षा संहितेतील श्रोत्याच्या घडणीचा फरक म्हणणे अधिक योग्य होईल.

गाडगेबाबांच्या बाबतीत प्रश्न आणखी सूक्ष्म होतो. शेंडगाव हे त्यांचे जन्मगाव. बालपण गेले ते मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला, आजोळी. अंगावर चिंध्यांची गोधडी, हाती खराटा आणि मातीचे गाडगे एवढाच त्यांचा परिग्रह. आजच्या गणनसाधनात हे आयुष्य भरले तर निष्पत्ती जवळपास शून्य येईल, आणि म्हणून त्यांना 'पर्यावरणसंत' अशी पदवी बहाल करण्याचा मोह अलीकडे होतो. हा मोह टाळला पाहिजे. बाबांच्या अपरिग्रहाचा कीर्तनाशी असलेला संबंध प्रयोगरूपाचा होता. आधी गाव झाडायचे, मग कीर्तनाला उभे राहायचे, हा क्रम हेच त्यांचे पहिले विधान. १९५६ साली मुंबईत वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते ऐकताना जाणवते की हे कीर्तन श्रोत्याला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर वदवून घेते. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरे कापू नका, दारू पिऊ नका, या सगळ्या निषेधांच्या शेवटी एक विधायक खर्च असतो : मुलांचे शिक्षण. भांडी मोडावीत, भाकरी हातावर खावी, पण मूल शिकवावे, हा त्यांचा आशय सर्वश्रुत आहे. स्वतः झोपडीत राहणाऱ्या या माणसाने यात्रेकरूंसाठी दगडी धर्मशाळा बांधवल्या. म्हणजे काटकसर हे मूल्य येथे स्वयंपूर्ण नाही. एकीकडचे वाचवून दुसरीकडे घालण्याचे ते साधन आहे, आणि गरिबाने गरीबच राहावे असा त्याचा अर्थ कोठेही होत नाही. 'कमी करा' या आज्ञेला 'कशासाठी' हे पूरक वाक्य गाडगेबाबांच्या प्रवचनात नेहमी जोडलेले असते. पाऊलखुणेच्या प्रवचनात ते क्वचितच असते.

येथवर स्वीकृत साधेपणाचा विचार झाला. वऱ्हाडी साहित्याने अधिक समर्थपणे चित्रित केला आहे तो लादलेला साधेपणा, आणि त्या दृष्टीने उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) ही कादंबरी निर्णायक महत्त्वाची ठरते. कौतिक ही तिची नायिका. नवरा महादेव शिंपी, आळशी आणि पुढे महारोगाने ग्रासलेला. मुले हाताशी येण्याआधीच हातची जाणारी. संसार तगवण्यासाठी ही बाई रोजमजुरी करते, काबाडकष्ट उपसते, आणि तिचा झगडा पराभवात संपतो. निवेदन प्रमाण मराठीच्या जवळचे आणि संवाद वऱ्हाडीतले, या रचनेमुळे पात्रांचे दुःख निवेदकाच्या करुणेने भिजत नाही, ते त्यांच्याच शब्दांत कोरडे उभे राहते. मराठी समीक्षेने या कादंबरीचे हे गुण यथोचित नोंदवले आहेत. प्रस्तुत संदर्भात वेगळा प्रश्न उपस्थित करावयाचा आहे. पर्यावरणनिष्ठ समीक्षेच्या नव्या उत्साहात एखादा अभ्यासक 'धग' वाचील आणि कौतिकच्या घरात वाया न जाणारी प्रत्येक वस्तू, जुनेराचा पुन्हा वापर, पायी प्रवास, विजेशिवाय चालणारा दिनक्रम, यांत 'शाश्वत जीवनशैली'चा आदर्श शोधील. हे वाचन तांत्रिकदृष्ट्या चूक ठरवता येणार नाही. संहितेत आधार सापडेल. तरीही ते कादंबरीचा घात करणारे वाचन आहे.

याचे कारण कृतीच्या अर्थात आहे. दिव्याची वात खाली करणे ही एकच कृती दोन घरांत घडली तर तिची निष्पत्ती एकच असेल, तिचा अर्थ एक असणार नाही. ज्याच्याकडे तेल आहे आणि जो ते वाचवतो, त्याची कृती निवड आहे. जिच्याकडे तेल नाही तिची कृती निवड नाही, तिला संयम म्हणणे म्हणजे भुकेला उपवास म्हणणे होय. कौतिक हिशेबी आहे. मराठी कादंबरीत तिच्याइतक्या बारकाईने पैशापैशाचा विचार करणारी पात्रे थोडी आहेत. पण तिचा हिशेब शून्यापासून वर चढण्याचा आहे. गणनसाधनाचा हिशेब अधिक्यापासून खाली उतरण्याचा आहे. दोन्ही हिशेब कागदावर एका आकड्यापाशी भेटू शकतात. म्हणून ते एक ठरत नाहीत. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली जागतिक तापमानवाढीच्या राजकारणावर लिहिताना जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन असा जो भेद केला, तो अर्थशास्त्रीय वाटला तरी साहित्यसमीक्षेलाही उपयोगी आहे. समीक्षक ज्याला अर्थनिर्णयन म्हणतो ते हेच : एकाच बाह्य वर्तनामागील भिन्न जीवनजाणिवा ओळखणे.

चुलीचे उदाहरण घ्यावे. वऱ्हाडातील चूल पऱ्हाटीच्या आणि तुरीच्या काड्यांवर, गोवऱ्यांवर चालत आली. कपाशी वेचून झाली की पऱ्हाट्या उपटून घराशेजारी रचून ठेवायच्या, वर्षभर त्या सरपणाला पुरवायच्या. हिशेबाच्या नियमानुसार या जाळातून निघणारा कर्ब जवळपास शून्य धरला जातो, कारण पिकाने तो त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो. म्हणजे चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली बाई ही पृथ्वीवरील सर्वात निर्दोष व्यक्ती ठरते. तिच्या छातीत जाणारा धूर, तिच्या डोळ्यांतली जळजळ, वऱ्हाडीत सांगायचे तर तिचे चुरचुरणारे 'डोये', यांना त्या खतावणीत रकाना नाही. १४.२ किलो वायूचे सिलिंडर जाळले की सुमारे ४२ किलो कर्बवायू बाहेर पडतो. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून असे सिलिंडर ज्या घरांत गेले त्यांची पाऊलखूण या पद्धतीने वाढली, आणि तरीही ते चांगलेच झाले, असे म्हणावयास कोणासही संकोच वाटू नये. ('सिलिंडर परवडत नाही म्हणून पुन्हा चूल' ही उत्तरकथा आहे, तिच्यातही निवडीचा भाग किती, हा प्रश्न उरतोच.) देशीवादाच्या सोयीस्कर वाचनातून आपल्या परंपरेतील प्रत्येक जुनी वस्तू पर्यावरणस्नेही ठरवण्याची जी प्रवृत्ती बळावते आहे, तिने या चुलीपुढे काही वेळ बसून पाहावे.

'धग' या शीर्षकाकडे म्हणूनच नव्याने पाहावेसे वाटते. धग म्हणजे ज्वाळा नव्हे. ज्वाळा दिसते, धग लागते. ज्याने विस्तव पेटवला त्यालाच ती लागेल असे नाही. जवळ जो असेल त्याला लागते. शेळक्यांनी हा शब्द दारिद्र्याच्या दाहासाठी योजला, आणि कादंबरीत तो दाह महादेवच्या आळशीपणातून, समाजाच्या उदासीनतेतून उत्पन्न होऊन कौतिकच्या अंगाला भिडतो. ज्याने जाळले आणि ज्याला पोळले ते एकच नाहीत, ही विषमता शीर्षकातच अनुस्यूत आहे.

निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित होतो तो पुढच्या पिढीच्या कादंबरीत. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) ही बुलढाण्याकडील शेतकरी कुटुंबाची कथा. उच्चशिक्षित एकनाथ नोकरीसाठी द्यायला पैसे नाहीत म्हणून शेतीत अडकतो. त्याची पत्नी अलका हिला या जगण्यातून बाहेर पडावयाचे आहे. कौतिकपाशी शहराची कल्पना जगण्याचा शेवटचा आधार म्हणून येऊ शकते. अलकापाशी ती आकांक्षा म्हणून येते. तिला हवे ते काही अवाजवी नाही : नियमित उत्पन्न, सुरक्षित घर, थोडी स्वच्छता, थोडा मोकळेपणा. अलकेच्या आकांक्षेत पंखा, शीतकपाट, गाडी हे सारे अध्याहृत आहे. पाऊलखुणेच्या भाषेत सांगायचे तर अलका ही वाढू पाहणारी पाऊलखूण आहे. एकनाथाच्या बाजूने कादंबरी वाचणाऱ्या बहुतेक वाचकांना अलका कठोर वाटते, आणि निवेदनाचा झुकावही काही ठिकाणी तिच्याविरुद्ध आहे, हे या कादंबरीचे उणेपण म्हणावे लागेल. मातीशी निष्ठा हे मूल्य पुरुषपात्राकडे आणि सुखसोयींचा लोभ स्त्रीपात्राकडे, ही वाटणी मराठी ग्रामीण कादंबरीची जुनी सवय आहे. तथापि देशमुखांचे बळ असे की शेतीचे अर्थशास्त्र ते इतक्या तपशिलाने मांडतात, बियाणे, खते, औषधे, कर्ज, पडलेले भाव, की अलकेच्या निर्णयामागची कारणे वाचकाला स्वतःहून दिसू लागतात. लेखकाच्या झुकावावर त्याच्याच तपशिलाने केलेली ही मात आहे. त्यांची आधीची 'तहान' (१९९८) पाणीटंचाईभोवती फिरते. तेथेही पाणी जपून वापरण्याचा उपदेश कोणी कोणाला करीत नाही. ज्यांच्याकडे पाणी नाही ते जपतातच, आणि ज्यांच्याकडे विहीर आहे ते ते विकू लागतात.

या कादंबऱ्यांच्या पार्श्वभूमीवर आजच्या अकोल्यातील दैनंदिन जीवन ही एक स्वतंत्र संहिता म्हणून वाचता येते. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी अरुंदमापी 'शकुंतला' १९९४ पर्यंत कोळशाच्या वाफेवर धावत होती, मग डिझेलवर आणि पुढे तीही थांबली. कापूस वाहून नेण्यासाठी साहेबाने घातलेल्या या लोहमार्गाविषयी स्मरणरंजन पुष्कळ होते, पण ती बंद पडल्यावर तिचे गरीब प्रवासी कोणत्या वाहनाने आणि किती पैशांत जातात, हे त्या स्मरणरंजनात येत नाही. अकोला ते अमरावती हे सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर दुचाकीने कापले तर दोनेक लिटर पेट्रोल लागते आणि लिटरमागे सुमारे २.३ किलो कर्बवायू बाहेर पडतो. आगगाडीने गेल्यास तोच भार अनेकांत वाटला जातो. परंतु गाडी आहे की नाही, ती वेळेवर आहे की नाही, हे प्रवासी ठरवत नाही. 'सार्वजनिक वाहन वापरा' या आज्ञार्थी वाक्याचा कर्ता म्हणूनच संदिग्ध आहे.

बाळापूर तालुक्यातील पारस येथे कोळशावर चालणारे औष्णिक विद्युत्केंद्र आहे. त्यातील अलीकडचे दोन संच प्रत्येकी २५० मेगावॅटचे. कोळशापासून निर्माण होणाऱ्या एका युनिटमागे साधारण एक किलोच्या जवळपास कर्बवायू हवेत जातो. ही वीज महाराष्ट्राच्या जाळ्यात मिसळते आणि कोठल्या शहरात कोणता दिवा तिच्यावर पेटतो हे सांगता येत नाही. मघाशी उल्लेखिलेला निर्देशक चिन्हाचा प्रश्न येथे प्रत्यक्ष उभा राहतो : हिशेबाने हा धूर दूरच्या वातानुकूलित दालनांच्या नावे मांडला जाईल, राख मात्र पारसच्या शिवारात राहते. अकोल्याच्या मे महिन्यात घरोघरी कूलर चालतो. वातानुकूलन यंत्राच्या तुलनेत त्याला वीज फार कमी लागते, आणि कोरड्या हवेत तो उत्तम काम करतो. दैनंदिन जीवनात कर्ब वाचवण्याचा या प्रदेशातील सर्वात सयुक्तिक उपाय तोच. पण त्याला पाणी लागते, आणि पूर्णेच्या दोन्ही तीरांवर खारपाणपट्टा आहे, जेथे विहिरीचे पाणी पिण्याच्याही कामाचे नसते. वीज वाचवावी तर पाणी जाते, पाणी वाचवावे तर वीज. जुन्या धाब्याच्या घरांची जाड मातीची छपरे उष्णता अडवीत. त्यांच्या जागी आलेले टिनाचे पत्रे गरिबाच्या घराला भट्टी करतात, आणि मग त्याच गरिबाला पंखा कमी चालवण्याचा सल्ला दिला जातो. ज्याच्या सिमेंटच्या घराला दोन वातानुकूलन यंत्रे आहेत त्याने एक बंद करणे आणि टिनाखालच्याने पंखा बंद करणे, यांना एकाच यादीत एकाच क्रियापदाने सांगणे ही या उपदेशसाहित्याची मूळ वाङ्मयीन उणीव आहे. तिला संबोधिताचे भान नाही.

भारतातील दरडोई वार्षिक उत्सर्जन सुमारे दोन टन, जगाची सरासरी पाच टनांच्या जरा खाली आणि अमेरिकेची चौदाच्या आसपास, हे आकडे नेहमी दिले जातात, आणि आपण निर्दोष आहोत असा निष्कर्ष त्यांतून काढला जातो. हा निष्कर्ष 'धग'च्या पर्यावरणवादी वाचनाइतकाच फसवा आहे. सरासरीत कौतिक आणि कारखानदार एकत्र असतात. कौतिकचे न जळलेले तेल कारखानदाराच्या हिशेबाला झाकते. देशाने ज्याची ढाल म्हणून वापर करावा ते दारिद्र्य साहित्याने तरी ढाल म्हणून वापरू नये. अकोल्यातील प्राध्यापक, डॉक्टर, अडते, अधिकारी, म्हणजे ही चर्चा वाचणारा आणि करणारा वर्ग, यांच्यासाठी मात्र यादीतील प्रत्येक क्रियापद आज्ञार्थी म्हणून पुरेपूर लागू आहे. त्यांच्याकडे तेल आहे. त्यांनी वात खाली करणे ही निवड आहे, आणि निवड असल्यामुळेच तिला नैतिक अर्थ आहे. या वर्गाविषयीची वऱ्हाडी कादंबरी कौतिकच्या तुलनेने फारच थोडी लिहिली गेली, आणि जी लिहिली गेली तिच्यात घर, गाडी, यंत्रे ही पार्श्वभूमी म्हणून येतात, कृतीचा विषय म्हणून येत नाहीत. अभावाचे सूक्ष्म लेखन करणाऱ्या परंपरेने अधिक्याचे तितकेच सूक्ष्म लेखन केलेले नाही. शेळक्यांनी पैशापैशाकडे जसे पाहिले तसे विजेच्या देयकावरील युनिटांकडे पाहणारा निवेदक अद्याप दुर्मीळ आहे.

परिभाषेपुरते बोलायचे तर 'पाऊलखूण' हा शब्द बदलला जाण्याची शक्यता कमी. शासकीय कागदपत्रे आणि पाठ्यपुस्तके यांत तो पक्का होत चालला आहे. तथापि वऱ्हाडच्या बोलीत आणि वाङ्मयात 'धग' हा शब्द आधीपासून उपलब्ध आहे, आणि पाऊलखूण जे सांगू शकत नाही ते तो सांगतो. पाऊलखूण ज्याची त्याची असते. धगीच्या बाबतीत पहिला प्रश्न उमटतो तो 'कोणाला लागते' हा, आणि दुसरा 'कोणी पेटवले' हा. चरणांकित स्थानांना नमस्कार करणाऱ्या भाषेला पाऊल पुसायला सांगण्यापेक्षा हे दोन प्रश्न विचारणे सोपे जाईल. विद्यापीठीय परिसंवादांत या संज्ञेचा उपयोग करून पाहण्यास हरकत नाही; पारसजवळच्या एखाद्या महाविद्यालयात तो प्रथम व्हावा.